कोबीची उंची

ऊसतोड सुरू झाली, दारणाकाठ उघडा पडला
आणि बिबट्या विहितगावच्या अंगणांतून फिरायला लागला.
तेव्हापासून माझ्या अकरा कोंबड्या
दहा बाय आठच्या जाळीत आहेत.
दिवसासुद्धा.

चार दिवस बरे गेले.
पाचव्या दिवशी काजळीनं टिपकीच्या शेपटीवरची पिसं उपटली,
भरल्या पोटी, शांतपणे,
नुसताच एक उद्योग म्हणून.

मला हे ओळखू येतं.
एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होतो, नोटांच्या.
आत गेलं की पाळी संपेपर्यंत आत,
निघताना खिसे उलटे.
दुपारच्या सुट्टीतला कॅरम ज्या महिन्यात बंद केला
त्या महिन्यात पगारे
स्वतःच्या अंगठ्याची साल सोलत बसायचे, रक्त येईपर्यंत.
मग कॅरम परत आला
आणि अंगठा आपोआप बरा झाला.

म्हणून कोबी.
अख्खा गड्डा, देठाला सुतळी,
वरच्या पाइपाला टांगलेला.
उंचीचंच खरं काम आहे.
खाली असला तर तासाभरात फडशा,
फार वर असला तर त्या मान वर करून बघतसुद्धा नाहीत.
मान ताणली की चोच टेकावी
आणि टेकली की गड्डा झुलून निसटावा,
ही जागा सापडायला मला दोन दिवस लागले.
स्टूल, सुतळी, परत स्टूल.
मंदाकिनी पुण्याहून फोनवर म्हणाली,
बाबा, माझ्या झोक्याला एवढं केलं नव्हतंत.
खरं आहे. तेव्हा ओव्हरटाइम होता.

बाकी मग सुचत गेलं.
ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात बंबाची राख, वाळू,
वर चुरलेला कडुनिंब.
त्यात लोळताना त्या पाय ताणून अशा पडतात
की पहिल्यांदा मी चहा टाकून धावलो होतो.
ओढ्याच्या एका मळ्यातून
द्राक्षाची उपटलेली खोडं आणली, वाकडीतिकडी, बसायला.
तूस रोज खालीवर करतो, मूठभर बाजरी त्यात लपवून.
शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.
कांदा मात्र नाही.
सगळा जिल्हा कांद्यावर जगतो,
यांना तो सोसत नाही.

वनखात्याचा गांगुर्डे आला, पोरगाच आहे.
बांधावर पिंजरा लावलाय म्हणाला, एखादी कोंबडी द्याल का.
तिचा कप्पा वेगळा असतो, मध्ये जाळी,
तिला काही होत नाही, काका.
रात्रभर नुसतं समोर बघायचं.

मी विचारलं, तिथं कोबी टांगता येईल का?
तो हसला.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि चहा संपवून
पलीकडच्या आळीत गेला.
तिथं कुणीतरी बोकड दिला.

आज पहाटे अकरा मोजल्या.
काल लोळताना त्यांनी उडवलेली राख
जाळीबाहेर पसरली होती,
आणि त्या राखेत एक ठसा.
सरळ उभं राहिलं तर दिसत नव्हता.
नोट उजेडात तिरकी धरली की जलचिन्ह उमटतं
तसा वाकल्यावर उमटला.
चार बोटं, खाली गादी.
जाळीपासून दीड वीत.
मागचं गवत चांगलं दबलेलं,
बराच वेळ बसला असणार.

आत त्या माना खुपसून झोपलेल्या असतील, खोडांवर ओळीनं,
आणि वाऱ्यावर कोबीचा कुरतडलेला दांडा
इकडे, तिकडे.
रात्रभर समोर बघायला
त्याला तेवढंच होतं.

ठसा मी पुसला नाही. गांगुर्डेला फोन केला.
तो येईपर्यंत नवा गड्डा बांधून घेतला.
टिपकीच्या शेपटीवर टाचण्यांएवढी पिसं फुटलीत.
सुतळी या वेळी दोन बोटं आखूड केली.
हल्ली त्या उडी मारतात.